उजनीची फेरी एकट्याने: किलोमीटर नंतर, आधी पूल मोजा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पुण्यात राहता, ऑफिसला सायकलनेच जाता, एका दिवसात ८० किलोमीटरपर्यंत चालवून झालेली आहे. जानेवारीत चार दिवस सुट्टी काढून एकट्याने उजनीच्या जलाशयाला पूर्ण फेरी मारायची आहे. रोज किती किलोमीटर धरावेत, काठाकाठाने रस्ता आहे का, तंबू न्यावा का, आणि वाटेत पळसदेवचं पाण्यातलं देऊळ दिसेल का?

प्रश्न चांगला आहे, पण मला वाटतं खरी अडचण तुम्ही विचारलेली नाही. रोजचे किलोमीटर हा त्यातला सोपा भाग. पुण्याहून कोल्हापूरला निघालात आणि दुसऱ्या दिवशी गुडघा दुखायला लागला, तर वळून मागे येता येतं किंवा हायवेवर हात दाखवता येतो. तळ्याच्या फेरीत तसं होत नाही. निम्मी फेरी झाली की मागे फिरणं आणि पुढे जाणं सारखंच लांब. समोर पलीकडच्या काठावर सोलापूर हायवेचे दिवे दिसत असतात, अंतर डोळ्यांना चार-पाच किलोमीटरचं वाटतं, आणि रस्त्याने तिथे पोचायला अख्खा दिवस लागतो. त्यामुळे अशी सहल आखताना मी पहिल्यांदा नकाशावर पूल आणि रेल्वे स्टेशनं खुणा करून घेतो. मुक्काम आणि किलोमीटर त्यांच्यामागून येतात.

आधी काठाच्या रस्त्याचं बघू, कारण बहुतेकांचा घोटाळा तिथेच होतो. उजनीला काठाकाठाने जाणारा रस्ता नाही, आणि नसण्याचं कारण समजून घ्या. भीमेवरचं हे धरण १९८० मध्ये पूर्ण झालं. एकूण साठा सुमारे ११७ टीएमसी (अब्ज घनफूट), त्यातला जवळजवळ ६३ टीएमसी मृतसाठा. म्हणजे निम्म्याहून जास्त पाणी उपयुक्त साठ्याच्या पातळीखाली. म्हणूनच उन्हाळ्यात 'उजनी मायनसमध्ये गेली' अशी बातमी येते आणि तरीही मधे भरपूर पाणी असतं. पण भूभाग सपाट असल्यामुळे पातळी थोडी खाली गेली तरी काठ खूप आत सरकतो. ऑक्टोबरमध्ये जिथे लाटा लागतात तिथे मे महिन्यात गाळपेराची, म्हणजे उघड्या पडलेल्या गाळात पेरलेली, पिकं उभी असतात. असा सरकता काठ धरून पक्का रस्ता बांधणार तरी कोण?

दुसरी गोष्ट, धरण होताना गावंच्या गावं उठली आणि वर सरकली. जुने गाडीरस्ते मात्र होते तिथेच पाण्याखाली गेले. मोबाइलवरचा नकाशा अधूनमधून असा एखादा रस्ता इमानदारीने दाखवतो, तुम्ही वळता, दोन-तीन किलोमीटर छान उतार लागतो आणि डांबर सरळ पाण्यात शिरतं. परत वर यायचं ते चढाने. म्हणून पाण्याकडे जाणाऱ्या प्रत्येक फाट्यावर कुणाला तरी विचारा, आणि 'रस्ता आहे का' असं विचारू नका. रस्ता आहे, असंच उत्तर येईल. 'हा रस्ता पुढच्या गावाला निघतो का' असं विचारा. आणि वाळलेला गाळ दिसला की सायकल त्यावर घालू नका. वरून भेगाळलेला, कडक दिसतो, आत मऊ असतो. चाक, चेन, ब्रेक सगळं भरतं आणि ते धुवायला जवळ स्वच्छ पाणी नसतं.

आता पूल. धरणाच्या खालच्या अंगाला प्रश्न नाही. पुणे–सोलापूर महामार्ग भीमानगरजवळ नदी ओलांडतो, तो तुमचा पूर्वेकडचा पूल. खरी निवड पश्चिमेला आहे. डिकसळ आणि कोंढार चिंचोलीच्या दरम्यान ब्रिटिशांच्या काळातला जुना रेल्वे पूल आहे. धरणामुळे रेल्वेमार्ग हलवला आणि हा पूल रस्त्यासाठी वापरात आला. फेरी सगळ्यात लहान इथून होते, पण पूल म्हातारा आहे. त्यावरून जाता येतं की नाही हे निघायच्या आठवड्यात भिगवणला विचारून घ्या, वर्षभरापूर्वीच्या कुणाच्या व्हिडिओवर जाऊ नका. दुसरा पर्याय भिगवण–राशीन रस्त्यावरचा पूल. तिसरा, आणि माझ्या मते तुमच्यासाठी सर्वात बरा, सिद्धटेकचा. पूर्वी शिरापूरहून होडीने सिद्धिविनायकाला जावं लागे, आता पूल आहे. तिथून ओलांडलं की फुगवट्याच्या, म्हणजे धरणामुळे मागे साठलेल्या पाण्याच्या, शेपटालाही वळसा बसतो, म्हणजे फेरी खऱ्या अर्थाने पूर्ण होते, आणि तुम्ही दौंडकडे निघता, जिथून पुण्याला गाड्या आहेत. कुठला पूल घेता आणि किती वेळा पाण्याकडे उतरता यावर नुसत्या तळ्याची फेरी रस्त्याने दोनशे किलोमीटरच्या थोडी अलीकडे किंवा पलीकडे होते. पुण्याहून जाऊन-येऊन चारशेच्या आसपास धरा.

होडीचं स्वतंत्रपणे लिहितो, कारण कुणीतरी तुम्हाला ती सुचवणारच. करमाळा आणि इंदापूर तालुक्यांमधली काही गावं होडीने जोडलेली आहेत, आणि 'सायकल टाका की होडीत, पाऊण दिवस वाचेल' हे आमंत्रण थकलेल्या माणसाला फार गोड वाटतं. २१ मे २०२४ ला कुगावहून कळाशीला येणारी होडी अचानक सुटलेल्या वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जणांचा जीव गेला. हा जलाशय उथळ काठाचा पण प्रचंड रुंद आहे, वाऱ्याला अडवायला मधे काही नाही. जानेवारीत हवा शांत असते हे खरं, तरीही अंगात लाइफ जॅकेट नसेल तर मी पाय ठेवत नाही. तुम्ही तर योजनेतच होडी धरू नका.

कुठल्या बाजूने फिरायचं याचं माझं उत्तर ठाम आहे: पाणी डाव्या हाताला ठेवून. म्हणजे भिगवणहून दक्षिण काठाने पूर्वेला इंदापूर, भीमानगर, टेंभुर्णी, आणि मग उत्तर काठाने पश्चिमेला परत. आपण डावीकडून चालतो, त्यामुळे पाण्याकडचे सगळे फाटे आपल्याच बाजूला येतात. चौपदरी महामार्ग ओलांडून कुंभारगावला जायची वेळ येत नाही. दुसरं कारण वारा. थंडीत आपल्या पठारावर वारा बहुतेक पूर्वेकडून, ईशान्येकडून असतो. तो समोरून घ्यायचा तर महामार्गाच्या गुळगुळीत डांबरावर आणि ताज्या पायांनी घ्यावा. उत्तर काठाचे रस्ते खडबडीत आहेत, तिथे तो पाठीशी असलेला बरा. हेच जर तुम्ही मे-जूनमध्ये निघाला असतात तर पश्चिमेचा वारा सुटलेला असता आणि मी उलट दिशा सांगण्याचा विचार केला असता. पण मे-जूनमध्ये जाऊच नका. चाळिशीपार ऊन आणि सावलीला बाभळी, एवढंच असतं.

चार दिवस पुरतील का? तुमचं ८० किलोमीटर रिकाम्या सायकलवर आणि एका दिवसाचं आहे. सामान लादल्यावर वेग थोडा कमी होतो, तो मुद्दा नाही. मुद्दा दुसऱ्या सकाळचा आहे, पुन्हा त्याच सीटवर बसण्याचा. त्यामुळे निघण्याआधीच्या महिन्यात एक शनिवार-रविवार काढा: संपूर्ण सामानानिशी दिवेघाट चढून सासवड, जेजुरी, मोरगाव, तिथे मुक्काम आणि दुसऱ्या दिवशी परत. रविवारी दुपारी हडपसरला पोचल्यावर 'उद्या पुन्हा चालवेन' असं वाटलं तर चार दिवसांचं बघू. नाहीतर पाच घ्या. मला विचाराल तर सरळ पाचच घ्या, शेवटचा दिवस हलका ठेवून. वाऱ्याचा दिवस, पोट बिघडल्याचा दिवस किंवा पक्षी बघत रेंगाळल्याचा दिवस, एखादा निघतोच.

पहिला दिवस सर्वात लांब आहे: पुणे ते भिगवण, शंभराच्या थोडं वर. पण घाट नाही, आणि एकंदर कल किंचित उताराचा आहे. पुणे साधारण ५६० मीटर उंचीवर, उजनीची पूर्ण भरल्यावरची पातळी ४९७ मीटरच्या आसपास. खरा त्रास हडपसर ते लोणी काळभोर. पहाटे पाचच्या आत हा टप्पा मागे टाका, त्यासाठी पुढे-मागे चांगले दिवे लावा, आणि उरुळी कांचनला उजाडल्यावर नाश्ता करा. यवत, चौफुला, पाटस, कुरकुंभ करत दुपारी दोन-अडीचला भिगवणला पोचलात की उत्तम. मासे खात असाल तर तिथे चिलापी खा, पण दिवस संपवून, मधल्या जेवणाला नको.

दुसऱ्या दिवशी सकाळ कुंभारगाव-डिकसळ भागात घालवा. रोहित पक्षी पाहायचे तर साधारण डिसेंबर ते मार्च हा काळ, त्यात तुमचा जानेवारी बसतो. पट्टकादंब आणि चित्रबलाकही दिसतील. पक्ष्यांसाठी होडीत बसायचं तर सायकल गावात कुणाच्या तरी अंगणात कुलूप लावून ठेवा. तिथून इंदापूर आणि पुढे टेंभुर्णी. कंटाळवाणा पण सुरक्षित टप्पा, रस्त्याच्या कडेच्या पट्ट्यावरून चालवत राहायचं, उलट्या दिशेने येणाऱ्या मोटारसायकलींवर नजर ठेवायची. दमलात तर इंदापूरलाच थांबा.

इथे एक निर्णय घ्यायचा असतो आणि तो मी कायम संध्याकाळी, जेवण झाल्यावर घेतो, सायकलवर बसल्या बसल्या नाही. टेंभुर्णीपर्यंत तुम्ही महामार्गावर आहात, कुठल्याही अडचणीत तासाभरात गाडी मिळते. टेंभुर्णीहून करमाळ्याचा रस्ता धरला की तुम्ही पलीकडे गेलात. गुडघा, पोट, मागच्या चाकाचा डुगडुगणारा स्पोक, ज्याबद्दल शंका आहे ते तिथेच निस्तरा. शंका तशीच घेऊन पुढे जायचं नाही, एवढा एक नियम पाळा.

उत्तर काठ मला जास्त आवडतो. कंदर केळ्यांचं गाव, तिथून पुढे मुख्य रस्ता सोडून जेऊरकडे वळा. या काठावर तुमचा खरा आधार म्हणजे रेल्वे. दौंड–कुर्डुवाडी मार्ग याच बाजूने जातो: जेऊर, पारेवाडी, जिंती रोड ही स्टेशनं तुमच्या वाटेवर किंवा जवळ आहेत. त्यांवर सगळ्या गाड्या थांबत नाहीत, म्हणून थांबणाऱ्या गाड्यांच्या वेळा कागदावर लिहून खिशात ठेवा. लहान स्टेशनावर सायकल बुक होईलच असं नाही. दोन्ही चाकं काढून सायकल मावेल अशी जाड कापडी पिशवी सोबत असली तर बोलणी सोपी होतात, तरी शेवटचा शब्द तिथल्या रेल्वे कर्मचाऱ्याचा. ते जमलं नाही तर जेऊरला किंवा केत्तूरला एखादा पिकअप किंवा छोटा हत्ती भाड्याने मिळवून भिगवण गाठायचं. त्यासाठी रोख पैसे वेगळे ठेवा आणि ते चहा-बिस्किटांत मोडू नका.

मुक्काम टेंभुर्णीनंतर जेऊर किंवा करमाळा. करमाळा तळ्यापासून लांब पडतं, पण राहायची सोय तिथे बरी आहे, आणि कमलादेवीचं देऊळ व तिथली शहाण्णव पायऱ्यांची विहीर बघण्यासारखी आहे. त्याच्या पुढच्या दिवशी जिंती, राशीन करत सिद्धटेक, तिथे भक्तनिवास आहे. शेवटच्या दिवशी दौंड, आणि तिथून पाय काय म्हणतात त्यावर सायकल किंवा रेल्वे. दौंडहून रेल्वेने आलात म्हणून फेरी अपुरी राहिली असं मी तरी मानत नाही. तळं तुम्ही मागेच पूर्ण केलेलं असतं.

जानेवारीतला सर्वात मोठा धोका ऊस आहे. हसू नका. गाळप हंगाम ऐन भरात असतो, दोन्ही काठांवर कारखाने, आणि रस्त्यावर दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर. मागे दिवा नसतो, ट्रॉलीबाहेर दोन्ही बाजूंना ऊस आलेला असतो, आणि टेप इतका मोठा लावलेला असतो की तुमची घंटा, शिट्टी, ओरडणं चालकाला ऐकू जाणं शक्यच नाही. ट्रॅक्टर तुम्हाला ओलांडताना ट्रॉलीची शेपूट शेवटी आत येते, त्यामुळे शेजारी रेंगाळू नका. सांडलेल्या उसाच्या कांड्यांवर पुढचं चाक घसरतं. अंधार पडायच्या आत मुक्कामाला पोचायचं ते यासाठी. सकाळीही काठावर धुकं असेल तर ते विरळ होईपर्यंत चहा प्या. पहिल्या दिवशीची पहाटेची घाई पुण्यातल्या गर्दीसाठी होती, पुढच्या दिवसांना तिची गरज नाही.

तंबूचं उत्तर: नको. वजन हे कारण दुय्यम. काठावर शेतकऱ्यांच्या पाण्याच्या मोटारी आणि केबली असतात, त्यांच्या चोऱ्या होतात, आणि रात्री काठाला बॅटरी घेऊन फिरणारा अनोळखी माणूस म्हणजे कोण, याचा अंदाज गाव आपल्या परीने बांधतं. शिवाय उसात बिबट्या राहतो. २०२० च्या डिसेंबरमध्ये करमाळा तालुक्यातच माणसांवर हल्ले करणाऱ्या बिबट्याला शेवटी गोळी घालावी लागली होती. दरवर्षी तसं घडत नाही, पण उसाच्या फडाशेजारी एकट्याने कापडी भिंतीत झोपण्याचं काही कारणही नाही. लॉजवर किंवा भक्तनिवासात राहा. अडलंच तर गावातल्या देवळात, पण सरपंच किंवा पुजारी यांना विचारून, आणि दिवस असताना. संध्याकाळी पाचला विचारणारा पाहुणा असतो, रात्री नऊला विचारणाऱ्याची चौकशी होते.

जलाशयातलं पाणी पिऊ नका, फिल्टर असला तरी. मुळा-मुठेतून पुण्या-पिंपरीचं सांडपाणी भीमेला मिळतं आणि भीमा ते इथे आणते. उकळल्याने जंतू मरतील, बाकीचं जे आपणच घरून पाठवलेलं आहे ते तसंच राहील. गावोगावी शुद्ध पाण्याची केंद्रं आहेत, तिथे भरून घ्या. दक्षिण काठावर दोन बाटल्या पुरतात, उत्तर काठावर तीन लिटर जवळ असू द्या. मीठ-साखर किंवा ओआरएसची पुडी रोज दुपारी एक, थंडी असली तरी, कारण कोरड्या हवेत घाम आलेला कळत नाही.

सायकलबद्दल फार लिहीत नाही. तुमची हायब्रिड चालेल, टायर ३५ मिलिमीटर किंवा त्याहून रुंद असू द्या. शत्रू दोन: वेड्या बाभळीचा काटा आणि सराटा. सायकल रस्त्याखाली उतरवून झाडाला टेकवली की दोन्हीपैकी एक लागतोच, म्हणून दगडाला किंवा खांबाला टेकवा. दोन जादा ट्यूब, पॅच आणि सोल्युशन, पंप, चेनचा जोड, ॲलन चाव्या. पंक्चर काढताना टायरच्या आतून बोट फिरवून काटा शोधल्याशिवाय नवी ट्यूब घालू नका, सराट्याचं टोक आतच राहिलेलं असतं. वजन मागच्या कॅरिअरवर, खालच्या बाजूला, पाठीवर काही नाही.

एकट्याने जाताना घरच्यांशी वेळा ठरवून घ्या: सकाळी निघताना, दुपारी आणि मुक्कामी पोचल्यावर. संदेशात गावाचं नाव लिहा. 'सगळं ठीक' या संदेशातून शोधणाऱ्याला काहीच कळत नाही. ठरलेल्या वेळेनंतर किती तास वाट पाहून त्यांनी आदल्या लॉजला आणि मग ११२ ला फोन करायचा, तेही आधीच बोलून ठेवा. नाहीतर मोबाइलला रेंज नसलेल्या एका दुपारी आई पोलीस ठाण्यात जाऊन बसते.

राहता राहिलं पळसदेव. भिगवण ते इंदापूरच्या टप्प्यात गावाचा फाटा डाव्या हाताला लागेल, पण चांगला पाऊस झालेल्या वर्षी जानेवारीत तिथे पाणीच जास्त दिसणार. पळसनाथाचं जुनं देऊळ पाणी उतरल्यावर उघडं पडतं. ते जवळून बघायचं असेल तर एप्रिल-मेमध्ये, धरण मायनसमध्ये गेल्याची बातमी आली की, वेगळे या. आणि तेव्हा सायकल घरी ठेवा, एसटीने या.